एक बोट आखूड: सुताराचा गज अकोल्याला नेला त्याची हकीकत

अकोल्याहून येऊन मला आता वर्ष होत आलं. आल्यापासून जो तो विचारतो, अकोला कसं आहे, मोर्णा नदीला पाणी किती, लोखंडी यंत्र कापूस कसा खातं. आणि खेड्यातल्या गरीब पोरांना यंत्राचं काम शिकवून मिस्त्री करणारी शाळा तिथं निघाली म्हणतात, ती खरी की बाजारगप्प? हे सगळं मी वीस वेळा तरी सांगितलं असेल. पण दर वेळी एक गोष्ट गाळून सांगितलं. तोंडाला गाळायची सवय लागली की गाळलेलं पुन्हा येत नाही, म्हणून लिहायला बसलो. पंतोजीपुढे मी दोनच पावसाळे बसलो. अक्षर कुऱ्हाडीनं तोडल्यासारखं आहे. ज्याला वाचवत नसेल त्यानं वाचू नये.

मी सुतार. गाव दर्यापूरपासून दोन कोसांवर, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. आमच्या घराण्यात गजाची चाल आहे. घरचा कर्ता थकला की दसऱ्याला नव्या कर्त्याचा हात मापतात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि त्या मापाचा नवा शिसवी गज कापतात. जुना नदीला देतात. गजाला घराबाहेरच्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही. प्रवासात तो घरातल्या धाकट्यानं फडक्यात गुंडाळून खांद्यावर न्यायचा. माझा गज तीस वर्षांवर चालला. गावातलं प्रत्येक दार, प्रत्येक तिफण, प्रत्येक पाळणा माझ्या हाताच्या मापाचा. घरोघरी बायका ज्यावर सरकी काढत, दोन लाकडी लाटा फिरायच्या, रुई पलीकडे जायची आणि सरकी अलीकडे पडायची, ते रेचेही माझेच. एका घरची लाट मोडली तर दुसऱ्या घरची आणून बसवा, बसायची. माझं गाव माझ्या हातावर उभं आहे असं मी म्हणत असे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आणि आमच्या कापसाला पाय फुटले. कुणब्यांनी कापूस सरकीसकट विकायला सुरुवात केली. यंत्र आहे ना अकोल्याला, अमरावतीला, बाया कशाला बसवायच्या? रेचे आढ्याला टांगले गेले. गावात पैसा आला तो डोक्यात चढला. एक जण मला म्हणाला, माझ्या गाडीच्या चाकाला लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवून दे. मी म्हटलं, बसवीन, पण ती चालायची नाही. पहिल्या दगडाला चेपेल. त्यानं दुसरा सुतार आणला. पोळ्याला ती गाडी मिरवली आणि वेशीतच तिची धाव निखळली. सारं गाव हसलं, मी हसलो नाही. काम दुसऱ्याला गेलं होतं.

माझ्या घरी तेव्हा लेक होती आणि तिचा पोर नारायण, अठरा वर्षांचा. त्याचा बाप पटकीनं गेला आणि बापाच्या गावचं सुतारकीचं वतन चुलत्यांनी गिळलं. आमचं गाव दोन सुतारांना पोसत नाही. रेचे गेल्यावर एकालाही पोसेना. अशात महादू गाडीवानानं अकोल्याची बातमी आणली. कारखान्यात पोरं घेणार आहेत. जागा सहाच, साऱ्या मुलखातून. तीन वर्षं शिकवतील, खायला घालतील, मग यंत्रावर मिस्त्री म्हणून लावतील. आधी हाताचं काम पाहतील. ज्याचं नामंजूर झालं त्यानं पुन्हा यायचं नाही.

लेक म्हणाली, "त्याले एकट्यालेच जाऊ द्या बाबा, महादू हाय संगं."

मी म्हटलं, "माझ्या हातचं काम त्याच्या हातात हाय. ते कोनाच्या हातचं हाय हे त्याईले दिसू दे."

माझ्या मनात आणखीही एक होतं, तेही लिहितो. मला वाटत होतं की पोराचं काम पाहून ते म्हणतील, ह्याच्या उस्तादालाच बोलवा.

पूर्णेपर्यंत

कार्तिक उतरत होता. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. महादूची गाडी त्या रांगेत, आम्ही कापसावर बसलेलो. रस्ता अरुंद, दोन्हीकडे बाभळी, आणि प्रत्येक काट्याला गाड्यांचा कापूस अडकून राहिलेला. लांबून वाटावं बाभूळच पिकली. त्या काट्यांतून एक एक पुंजका वेचत म्हाताऱ्या बाया फिरत होत्या. सुगीच्या मुलखात वेचायला काटेच कुणाच्या वाट्याला येतात, ते तिथं दिसलं.

पूर्णेच्या उतारावर गाडीच्या आसाची कुणी, म्हणजे चाक अडवून धरणारी खुंटी, निसटली आणि चाक बाहेर आलं. मागच्या गाड्या ओरडायला लागल्या. मी उतरलो, बाभळीची फांदी तोडली, गजानं मापून कुणी तासली. बसेना. सैल होत होती.

महादू म्हणाला, "काय गा मिस्त्री, गावभर नाव अन् एक कुनी बसेना?"

मी म्हटलं, "कुनी बरोबर हाय. तुह्या गाडीचा सुतार चुकला."

नारायणानं भोकात करंगळी घालून पाहिली, दुसरी फांदी घेतली, चार वेळा तासली, चार वेळा लावून पाहिली, आणि ठोकली. ती अकोल्यापर्यंत हलली नाही. मी म्हटलं, "हे काम नाई, हा जुगाड हाय." तो म्हणाला, "व्हय आबाजी."

नदीच्या वाळूत आम्ही शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी. वाळूत खड्डा केला की पाणी येतं, आणि ते गोड. आमच्या विहिरीचं पाणी असं की पाहुणा पहिल्या घोटाला आमच्याकडे पाहतो. नारायण ओंजळीनं पीत सुटला. म्हणाला, "आबाजी, अकोल्याचं पानी असंच असन का?" त्या एका वाक्यात मला कळलं की पोर मनानं केव्हाच पोचलं आहे.

अकोला, जुने शहर

अकोल्यात माझ्या गेलेल्या बायकोची बहीण राहते, सोनाबाई. तिचं घर मोर्णेपलीकडे जुन्या शहरात. गल्ल्या अशा की गाडी शिरली तर गाय मागं सरते. एका आळीत अत्तरवाले, पुढच्या आळीत पिंजारी. त्यांची ताँय ताँय दिवसभर. आमच्या गावी सूर्य डोक्यावर आला की माणसं सावलीला बसतात, इथं सावलीत बसलेला माणूस दिसला नाही. नदीच्या ह्या बाजूला आगगाडीचा रस्ता घालणं चाललेलं, मातीचे ढीग, आणि त्या ढिगांवर साऱ्या मुलखातली माणसं पाट्या वाहणारी. त्यांत दोघे कोष्टी ओळखीचे निघाले. माग बंद करून आले होते. मला पाहून एकानं तोंड फिरवलं. मीही हाक मारली नाही.

सोनाबाईनं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर वाढली. मला म्हणाली, "भाऊजी, तुमी कायले आले? पोरगा काय लहान हाय? नवरीसंगं करवली पाठवते तशी गत."

"गज आनला," मी म्हटलं. "गज एकटा येत नाई."

"तुमचा गज अन् तुमी. बहीन म्हने माही, ह्या मानसानं मले लगनाआंधी पाह्यलं नाई, मापलं."

नारायण तोंडात पदर नसताना पदर धरल्यासारखा हसला. त्या घरी तो दोन दिवस जेवढा हसला तेवढा माझ्या घरी वर्षात हसला नव्हता. मी ते पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचा विचार केला नाही.

कारखान्यात

कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची पडवी, मधे इंजीन, आणि त्याच्या पट्ट्यांवर फिरणारी यंत्रं. कापूस एकीकडून ओततात आणि करवतीसारखे दात त्याला ओरबाडून सरकी वेगळी करतात. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. आमच्या रेच्यावर बाया ओव्या म्हणत, आणि पलीकडच्या घरी ऐकू जात. इथं चाळीस बायांचं काम एक यंत्र करतं आणि त्याला गळा नाही.

पोरांना शिकवणारा मिस्त्री होता कमरुद्दीन नावाचा. जुन्या शहरातलाच, पण मुंबईच्या गोदीत काम करून आलेला. पन्नाशीचा, दाढी मेंदीची, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. मला पाहून त्यानं सलाम केला, बसायला ओंडका दिला. माणूस अदबीचा होता. पुढे मी त्याला मनात खूप शिव्या दिल्या, पण हे खरं ते लिहितो.

वीसेक पोरं आली होती. कुणी तिवशाचा लोहाराचा, कुणी कोष्ट्याचा, एक धनगराचा. सगळ्यांची पायतणं तुटलेली. मिस्त्रीनं प्रत्येकाच्या हातात एक पितळी पट्टी दिली, तिच्यावर बारीक रेघा. म्हणाला, "ही तुमची माय समजा. हिच्या बाहेर जायचं नाई. एक जन चौकट बनवन, एक जन लाट. कोनाचीबी लाट कोनाच्याबी चौकटीत बसली पायजे. यही इम्तिहान है."

नारायणाच्या वाट्याला लाट आली. लांबी दीड फूट.

मला हसू आलं. दीड फूट म्हणजे एक हात. हे बाजारातलं पोरही सांगतं. म्हणजे आमचंच माप, पितळेवर लिहिलं की साहेबाचं झालं. मी मिस्त्रीला म्हटलं, "आमच्या पोराले पट्टीची गरज नाई. त्याच्याजवळ गज हाय."

मिस्त्रीनं नारायणाच्या खांद्यावरचं फडकं पाहिलं. म्हणाला, "दाखवा ना बाबा. पट्टीजवय ठिवून पाहू."

"ह्याले बाहेरचा हात लागत नाई."

"मी हात नाई लावत. तुमीच ठिवा."

"पितळेजवळ ठेवायचीबी चाल नाई," मी म्हटलं. अशी चाल काही नव्हती. ती मी तिथल्या तिथं केली.

तो म्हणाला, "बरं बाबा. मंग तुमचा गज घरी ठिवा. इथं तो नाई चालत." असं म्हणून तो पुढच्या पोराकडे गेला. साऱ्या पोरांसमोर म्हणाला. माझ्या कानशिलाला आग लागली ती दिवसभर विझली नाही. दुसऱ्या दिवशी मी गज मुद्दाम स्वतः काखेत घेऊन गेलो.

लाट

आता गाळलेली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकूड निवडलं. नारायणानं बाभळीचा सरळ धाग्याचा तुकडा घेतला, रंधला, पट्टी लावून दोन्ही टोकांना रेघ ओढली. इतकी पातळ की केस ठेवल्यासारखी. मी पडवीच्या टोकाला ओंडक्यावर बसून पाहत होतो. बाजूच्या पोरांचे हात लटपटत होते, ह्याचा हात मी घडवलेला होता. छाती भरून आली.

दुपारी पोरांना झुणका-भाकर वाटायला पलीकडे नेलं. पडवी रिकामी झाली. मी उठून नारायणाच्या ठिय्याशी गेलो. सहज गज लावून पाहिला.

त्याची रेघ एक बोट पुढे होती.

मला वाटलं, पोर चुकलं. त्या पितळेच्या बारीक रेघांत त्याचे डोळे फसले. आता जेवून येईल, करवत लावेल, लाट लांब होईल, चौकटीत शिरणार नाही, आणि वीस पोरांपुढे माझं नाव जाईल. हो, त्याचं नव्हे, माझं. तेव्हा मनात हेच आलं. मी कानावरची पेन्सल घेतली आणि गजाच्या मापाला एका टोकाला नवी रेघ ओढली. रेघेच्या अंगाला कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची खूण केली. ती आमच्या घरची खूण. तिचा अर्थ, इथं काप.

आणि जाऊन ओंडक्यावर बसलो.

नारायण आला. लाकूड उचललं. थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी डोळ्यांनी हो म्हटलं. मग त्यानं खाली मान घातली. शेवटी करवत चालली. कापलेला तुकडा खाली पडला आणि तिवशाच्या पोरानं तो पायानं बाजूला सारला.

तिसऱ्या दिवशी कारखान्याचा साहेब आला. उन्हानं लाल झालेला, घाईतला. मिस्त्री एक एक लाट घेऊन चौकटीत घालून दाखवू लागला. काही सैल, काही घट्ट, पण बसत होत्या. धनगराच्या पोराची लाट तर इतकी ओबडधोबड की मी तिनं चूल पेटवली असती, तीही बसली. मग नारायणाची घेतली. हातात घेताच मिस्त्री "वाह" म्हणाला. तिच्यावर बोट फिरवलं. साहेबालाही फिरवायला लावलं. मी ओंडक्यावरून उठून उभा राहिलो.

चौकटीत घातली, ती खुळखुळली. एका अंगाला बोटभर फट. दुसऱ्या चौकटीत घातली, तेच. तिसऱ्या चौकटीत तेच.

साहेब काहीतरी बोलला आणि पुढे गेला. पोरं हसली. तिवशाचं पोर म्हणालं, "पायना आनला जनू, अन् लेकरूच नाई!" म्हणजे पाळणा आणला पण लेकरू नाही. मिस्त्री हसला नाही. नारायणाला त्यानं विचारलं, "पट्टी होती ना हातात?"

नारायण म्हणाला, "होती."

"मंग?"

"चूक झाली."

मी तिथं दहा हातांवर उभा होतो. दहा माझे हात, त्यांचे किती ते मला ठाऊक नाही. तेवढं अंतर चालून जाऊन 'रेघ माझी होती' म्हणायचं होतं. मी पाऊल उचललं नाही. वीस पोरं होती, साहेब होता, आणि पहिल्या दिवशीचा तो 'इथं नाई चालत' अजून कानात होता.

टोपलीतला तुकडा

सुतार लाकडाच्या ठिकाणाहून रिकाम्या हातानं येत नाही. कारखान्यातले टाकाऊ तुकडे सोनाबाईच्या चुलीला म्हणून मी टोपलीत भरून आणले होते. संध्याकाळी ती एक एक चुलीत सारत होती, आणि मी शेजारी बसून जोंधळ्याच्या कण्या निवडल्याचं सोंग करत होतो. तिच्या हातात बाभळीचा बोटभर जाड चकतीसारखा तुकडा आला. मी म्हटलं, "थांब."

तो नारायणाच्या लाटेचाच होता. एका कडेला माझी कोंबडीच्या पायाची खूण अर्धी राहिलेली. दुसऱ्या कडेजवळ त्याची पातळ रेघ. आणि त्या रेघेवर, नखानं चाचपलं तेव्हा कळलं, करवतीचा एक घाव होता. एकच, दोन-तीन दातांचा. म्हणजे पोरानं करवत आधी आपल्या रेघेवर टेकवली होती. मग उचलली आणि माझ्या रेघेवर ठेवली.

मी नारायणाला नदीकडे घेऊन गेलो. बाया भांडी घासून परत चालल्या होत्या. तुकडा त्याच्या हातात दिला.

"तुले समजलं होतं?"

"पयल्याच दिवशी समजलं, आबाजी. पट्टी गजाजवय ठिवून पाह्यली म्या, तुमी झोपले होते तवा. आपला हात एक बोट आखूड हाय."

"मंग सांगतलं काहून नाई?"

तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "धा वर्साचा होतो. चुलत आजीच्या दाराची रेघ वाकडी हाय म्हनलो होतो म्या. आठवते?"

आठवलं. मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोडीचा, दांडा त्याच्या पाठीत घातला होता मी. आणि शिकवलं होतं, 'रेघ ओढनाऱ्याची चूक रेघ ओढनारा पाहीन. करवतवाल्यानं रेघ सोडायची नाई.' ही काही माझी बुद्धी नव्हती; मला माझ्या बापानं असंच शिकवलं होतं, असल्याच दांड्यानं. मोठ्याच्या रेघेवर पोरगा बोट ठेवायला लागला तर कामात दोन धनी होतात.

"पन आज तुहं नशीब होतं रे त्या लाकडावर."

"व्हय," तो म्हणाला. "तुमाले वाईट वाटलं असतं."

माफी मागायची आमच्याकडे मोठ्यांना चाल नाही. मी म्हटलं, "गार वारा सुटला. अंगावर घे काही."

सकाळी मी एकटा कारखान्यात गेलो. काखेत गज, कनवटीला तो तुकडा. कमरुद्दीन मिस्त्री इंजिनाला तेल घालत होता. मी गजाचं फडकं सोडलं आणि गज त्याच्यापुढे धरला.

"घ्या. हात लावा."

त्यानं तेलकट हात पाहिले. आत जाऊन राखेनं हात धुऊन आला, पुसले, आणि मग गज दोन्ही हातांनी घेतला. पट्टी जवळ ठेवली. बोटभर कमी. मी तुकडा दाखवला, दोन्ही रेघा दाखवल्या, आणि सगळं सांगितलं. मोगरीच्या दांड्यासकट. म्हटलं, "चूक माही हाय. पोराले घ्या. मी साहेबापुढे कान धरतो."

त्यानं करवतीच्या त्या एका घावावरून अंगठा फिरवला.

"बाबा, पोरगा न समजून चुकला असता तर मी साहेबाच्या पाया पडलो असतो. पन ह्याले समजत होतं. चुकीची रेघ ओयखून त्यानं करवत चालवली." त्यानं बोटं नसलेला हात वर केला. "गोदीत उस्ताद म्हनला, पट्टा चालू असतानी सरकव. मले समजत होतं का नाई सरकवा लागत. उस्ताद म्हनला म्हून सरकवला. मले करवत न येनारा पोरगा चालते बाबा. नाई म्हनता न येनारा नाई चालत."

"आमच्याकडे असल्या पोराले वळनाचा म्हनतात."

"घरात लई चांगला. मशीनीजवय मरते."

आदल्या दिवशी नावं पाचच पुकारली होती. मी म्हटलं, "मंग ती सहावी जागा कोनाले दिली?"

त्याचा चेहरा उतरला. सहावी जागा एका कापसाच्या दलालाच्या भाच्याला गेली होती. ते पोर परीक्षेला आलंच नव्हतं. दाराशी बूट घालून उभं होतं ते मी येताना पाहिलं होतं.

"त्याले करवत धरता येते?"

"नाई."

"अन् साहेबाले तुमी नाई म्हनले?"

कमरुद्दीननं गज फडक्यात नीट गुंडाळला आणि मला परत दिला. हळू म्हणाला, "म्हून तर असा पोरगा ओयखतो, बाबा. चुकीच्या रेघेवर मीबी करवत चालवूनच राह्यलो."

ह्यावर मला त्याला शिवी द्यायची होती. पण इंजीन सुरू झालं आणि मग बोलणंच संपलं.

अमरावती

नारायणाच्या मनातून गावी यायचं नव्हतं. गावात काय होतं? महादूची गाडी अमरावतीला कापूस घेऊन चालली होती, तिथं कापूस दाबून गाठी बांधायच्या दाबखान्यात माणसं लागतात असं ऐकलं, तर तो तिकडे निघाला. मी म्हटलं, मीही येतो. तो नको म्हणाला नाही. त्याला नको म्हणता येत नाही, हे मला आता ठाऊक होतं. तरी मी गेलो.

अमरावतीचा कापसाचा बाजार पाहून डोळे दिपतात असं सगळे सांगतात. दिपतात. कापसाच्या टेकड्या, मधून वाटा, आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या, तरण्याही म्हाताऱ्यासारख्या. पण मला जे दिसलं ते लिहितो. उंच लाकडी चौकटीला गोणपाटाची माणसाहून उंच थैली टांगतात. तिच्यात एक पोर उतरवतात. वरून कापूस टाकत जातात आणि ते पोर आत नाचत नाचत तो पायानं तुडवतं. कापूस चढतो तसं पोर वर येतं. आधी दिसतं डोकं, मग खांदे. वर आलं की थैली शिवतात आणि पोराला दुसऱ्या थैलीत उतरवतात. दिवसभर हेच. नाकाला फडकं असतं, तरी खोकला थैलीबाहेर ऐकू येतो.

ज्या हातानं केसाएवढी रेघ ओढली होती त्या हाताला तिथं काही काम नव्हतं. तिथं पाय लागतात.

चौकट मात्र मी पाहिली. सांधा चुकलेला होता, एक कोपरा झुकलेला. माझ्या तोंडावर आलं, आणि मी नारायणाकडे पाहिलं. त्यालाही ते दिसलं होतं. तो मुकादमाकडे गेला नाही. फडकं नाकाला बांधलं आणि थैलीत उतरला.

निघताना त्यानं गज मला दिला. जाताना तो त्याच्या खांद्यावर होता, येताना माझ्या. वाटेत तो कुठं उतरून ठेवावा हे सुचलं नाही, म्हणून दर्यापूरपर्यंत खांद्यावरच राहिला.

दसरा येऊन गेला. रीतीप्रमाणे नारायणाच्या हातावर नवा गज कापायचा होता. हात अमरावतीला आहे. जुनाच चालवतो आहे. मधे एकाच्या घरचं दार मोडलं, तेव्हा मी हाताच्या खुणेपुढे एक बोट सोडून मापलं, म्हणजे बरोबर होईल. दार चौकटीत बसेना. चौकट माझीच, तीस वर्षांपूर्वीची. शेवटी दाराचं ते वाढीव बोट कापून टाकलं.

अकोल्याची शाळा खरी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पोरं घेणार म्हणतात, जागा आठ होतील म्हणतात. आपल्या पंचक्रोशीतल्या ज्याच्या घरी पोर आहे आणि पोटाला काही नाही, त्यानं जरूर पाठवावं. शिदोरी द्या, पायतण द्या. पूर्णेच्या वाळूत पाणी गोड आहे, तिथं जेवू द्या. फक्त बरोबर जाऊ नका. वेशीपर्यंत जा, आणि तिथून मागं फिरा.